गेममध्ये सापडलेलं गाव

मी असल्या गोष्टींना हसणारी बाई. आमच्या दाराला कधी लिंबू-मिरचीसुद्धा टांगली नाही. हे लिहिताना अजूनही संकोच वाटतोय... पण आता आई नाही, म्हणून लिहिते.

२००४ चा उन्हाळा. पंचवटीत माझं डीटीपीचं छोटं काम होतं — लग्नपत्रिका, बिलबुकं, क्वचित एखादा कवितासंग्रह. समीर नावाचा पंचविशीतला तरुण एक हस्तलिखित घेऊन आला. कॉम्प्युटर रिपेअरिंग करायचा. ठाण्यात जन्मला-वाढला, नाशकात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. थ्रिलर कादंबरी होती. प्रकाशकांनी परत पाठवली म्हणून तो स्वतःच छापणार होता. विषय व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीच्या गेमचा. हेल्मेट चढवलं की खेळणारा एका ओसाड गावात पोचतो, आणि तिथे मेला की इकडे खुर्चीतही मरतो. टाईप करताना मी अर्थाकडे बघतच नाही, बोटं आपोआप चालतात. त्यामुळे तेव्हा काहीच जाणवलं नाही.

प्रुफं तपासताना मी प्रिंटआउट मोठ्याने वाचायची आणि आई मूळ कागदावर बोट फिरवायची. चौथी शिकलेली, पण नजर पक्की.

नवव्या प्रकरणावर आलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले असतील. खेळाडू त्या गावात शिरतो. मारुतीच्या पारापासून डावीकडे उतरती गल्ली, टोकाला घर, मागे पेव — म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा, वर फरशीचं झाकण. आतून एका लहान मुलीचा आवाज येतो. बाहेर का येत नाहीस, असं खेळाडू विचारतो. ती म्हणते, "अक्कानं सांगितलंय, म्या हाक मारल्याबिगर हूं का चूं करायचं नाय."

आईचं बोट थांबलं. मला वाटलं, चूक सापडली. तिने कागद खाली ठेवला.

"हे त्याला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही गं. रचलेली गोष्ट आहे."

"रचलेली नाय. हे माझं बोलणं हाय."

आईचं गाव धरणात गेलं तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि तिची धाकटी बहीण काशी सहा. गाव उठलं त्या दिवशी काशी हरवली, बहुतेक नदीत गेली, एवढंच आम्ही ऐकत आलो होतो. त्या दुपारी मला खरं कळलं. सामान गाड्यांवर चढत असताना दोघी लपाछपी खेळत होत्या. आईने तिला रिकाम्या पेवात उतरवलं आणि वर फरशी ओढली. तेवढ्यात आजोबांनी आईला उचलून गाडीत बसवलं. प्रत्येकाला वाटलं, काशी दुसऱ्या गाडीत आहे. आईला आठवण झाली तेव्हा गाड्या खिंड ओलांडून गेल्या होत्या. त्यांच्या माराच्या धास्तीने तिने कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी माणसं शोधायला मागे फिरली, तेव्हाही बोलली नाही. मग पाणी चढलं. पन्नास वर्षं हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं — माझ्या वडिलांनाही नाही.

मी समीरला बोलावून सगळं सांगितलं. तो हादरलाच. म्हणाला, नववं प्रकरण त्याने सगळ्यात आधी, एका बैठकीत लिहिलं होतं. बाकी कादंबरी नंतर त्याभोवती बांधली. 'पेव' म्हणजे काय हेसुद्धा त्याने लिहून झाल्यावर शब्दकोशात बघितलं होतं.

त्या उन्हाळ्यात धरण आटून गावठाण उघडं पडलं होतं. आईने मामाला — तिच्या धाकट्या भावाला — सगळं सांगितलं आणि आम्ही चौघे गेलो. सगळीकडे भेगाळलेला गाळ आणि दगडांचे ढीग. आईला काही ओळखू येईना. समीर मात्र कोणाला न विचारता पुढे चालत गेला आणि एका जागी थांबला. "आजी, इथे."

नव्या वस्तीचे पोलीस पाटील सोबत होते. दोन माणसांनी खणायला घेतलं. भर दुपारी फरशी लागली, आणि तिच्याखाली गाळात बारीक हाडं. गुडघे पोटाशी घेतलेले. हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते.

आई काठावर उकिडवी बसली आणि म्हणाली, "काशे, ये गं भाईर."

कुठून काही आवाज आला नाही. खोटं कशाला सांगू... मी मात्र कान देऊन ऐकत होते.

मामाने गोदावरीवर विधी केले. आईला घाटावर येऊ दिलं नाही. त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली, तोवर तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

समीरच्या कानावर कोणी घातलं असेल, असं लोक म्हणतात. कोण घालणार? ते वाक्य दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक पेवात होती. मी खूप डोकं चालवलं, डॉक्टरांना विचारलं, शिकल्या-सवरल्या माणसांना विचारलं. काही हाती लागलं नाही.

पुस्तक नवव्या प्रकरणाशिवाय निघालं. ते समीरनेच काढून टाकलं. नंतर त्याने काही लिहिलं नाही.

आईच्या दहाव्याला तो आला होता. जाताना चपला घालता घालता खाली बघून म्हणाला, "ताई, मी हे लिहिलंच नसतं तर आजींची शेवटची वर्षं बरी गेली असती का?"

मी जिन्यातला दिवा लावला. तो उतरून गेला.