आई घरात नाहीये

चष्म्याच्या दुकानात, मागच्या पडद्याआड, ती काचा घासायची. फ्रेमच्या मापाची होईपर्यंत काच चाकावर धरायची, डोळ्यांजवळ नेऊन कड बघायची, पुन्हा धरायची. अकरा वर्षं हेच. बोटांची टोकं कायम पांढरी. मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, "आमच्या बाईंच्या नजरेतून केसाएवढा फरक सुटत नाही."

त्याच मालकांनी एका सकाळी पडद्याआड येऊन तिच्यापुढे एक पाकीट ठेवलं. आवाज मुद्दाम खाली.

"कोर्टाचं आहे. दर महिन्याला तुमच्या पगारातला तिसरा हिस्सा कापून भरा म्हणतात. बाई, एवढं होईपर्यंत बोलला का नाहीत?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. नवऱ्याच्या आजारपणात एका कंपनीकडून कर्ज घेतलं होतं. तो गेला, कर्ज राहिलं. सात हप्ते तिने ओढूनताणून भरले होते, पावत्याही जपल्या होत्या. कोर्टाने त्यातला एकही धरला नव्हता, कारण तिची बाजू सांगायला तिथे कोणी नव्हतंच.

"मला समन्सच आलं नाही हो," ती म्हणाली.

मालकांनी मान हलवली. विश्वास बसल्यावर माणूस हलवतो तशी नव्हे.

ओळखीतून एक वकीलबाई मिळाल्या. त्यांच्याबरोबर जाऊन तिने कोर्टातली फाईल पाहिली. समन्स पोहोचवणाऱ्या बेलिफाने लिहिलं होतं, 'बाईंनी स्वतः घेतले.' खाली सही. सहीला लांब शेपूट, शेपटाखाली दोन टिंबं.

नाव तिचं, ढब लेकीची. वर्षभर वह्यांच्या मागच्या पानांवर आणि वर्तमानपत्राच्या कडांना हेच शेपूट गिरवलं जात होतं.

"ही सही मुलीची आहे," ती म्हणाली. "दहा वर्षांची आहे ती."

वकीलबाईंचा चेहरा खुलला. "मग अर्धी लढाई जिंकलात! लहान पोरीच्या हातात दिलं म्हणजे समन्स दिलंच नाही. तुम्ही कामावर होतात, एवढं सांगायचं."

तिने फाईलवरची तारीख पुन्हा पाहिली. तो दुकानाच्या सुट्टीचा वार होता.

संध्याकाळी तिने लेकीला जवळ बसवलं. "बाळा, कोणी काकांनी तुझ्याकडे कागद दिला होता का गं?"

लेक उठली. नकाशांच्या पुस्तकातून तिने पाकीट काढून आणलं. न फोडलेलं.

"लपवलंस कशाला?"

"कागद आले की तू जेवत नाहीस."

"आणि माझी सही?"

"ते म्हणाले, आईचं नाव लिही लवकर, मला अजून दहा घरं करायचीत." मग जरा घाबरून, "चुकली का सही?"

तेव्हा तिला सगळं आठवलं. दारावरची थाप. वसुलीवालाच असणार, म्हणून धुणं अर्धवट सोडून आपण बाथरूममध्येच थांबलो, नळ बंद केला, कोपरापर्यंत साबण तसाच ठेवून श्वास रोखून उभ्या राहिलो. लेकीला खुणावलं, सांग, आई घरात नाहीये. माणूस गेल्यावर बाहेर येऊन, ओल्या हातांनी पोरीचे गाल धरून आपण काय म्हणालो? शाबास म्हणालो.

तिच्या गैरहजेरीतला निकाल रद्द करावा, असा अर्ज वकीलबाईंनी केला. तारखेच्या दिवशी वयाचा दाखला आणि लेक, दोन्ही घेऊन ती कोर्टात गेली. न्यायाधीशांचा चष्मा नाकावरून सारखा घसरत होता. डाव्या काडीचा स्क्रू ढिला, तिने लांबूनच हेरलं. तेवढीच एक गोष्ट तिथे तिला कळत होती.

"साहेब, ही माणसं दारच उघडत नाहीत," कंपनीचे वकील म्हणाले.

न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं. "समन्स आलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

वकीलबाईंनी हळूच मान डोलावली, सांगा. मागच्या बाकावर लेक पाय हलवत बसली होती. तिने पाय थांबवले आणि आईकडे बघत राहिली.

"घरातच होते, साहेब. बाथरूममध्ये. नळ बंद करून. वसुलीवाला आला असं वाटलं. मुलीला खोटं बोलायला मीच लावलं."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. तिचे कान तापले. वकीलबाईंनी कपाळावर हात नेला आणि केस सारखे केल्यासारखं केलं.

न्यायाधीशांनी चष्मा वर ढकलला. "लपलात हे वाईटच. पण दहा वर्षांच्या मुलीची सही घेऊन 'बाईंनी स्वतः घेतले' असं लिहिणं त्याहून वाईट. निकाल रद्द. तुमच्या लपण्यापायी कंपनीला झालेला खर्च थोडा सोसा, आणि पुढच्या तारखेला पावत्या घेऊन या. समन्स इथेच घ्या. इथे मध्ये दार नाही."

कारकुनाने कागद पुढे केला. तिने सही केली. लेक कधी शेजारी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"आई, तुझी सही किती साधी आहे गं!"

कंपनीचे वकीलसुद्धा हसले. तिला मात्र हसता आलं नाही.

परतीच्या रस्त्यावर लेकीने विचारलं, "आता कोणी आलं तर काय सांगायचं?"

पोरीचा हात हातात होता, पण तिच्याकडे बघायचा धीर काही होईना. समोर बघतच ती म्हणाली,

"मला हाक मार."