अरुताईचं बोलावणं

"बेचाळिसाव्या टर्नला जिंकले रे बाळ्या! एक सैनिक न मारता!"

अरुताईने टॅबलेट माझ्या टेबलावर ठेवला. फ्रीगंजच्या आमच्या ऑफिसात 'बाळ्या' ऐकून सगळ्यांनी हसू लपवायला माना खाली घातल्या.

अरुताई माझी मोठी बहीण. माधव नगरात गाणं शिकवते. आमचा नवा गेम खेळून बघायला मीच तिला बोलावलं होतं. त्यात चार राज्यं. एक तुमचं, तीन कॉम्प्युटरची. बुद्धिबळासारखं आळीपाळीने खेळायचं. आपली एक पाळी म्हणजे एक टर्न. लढून जिंका, नाहीतर उत्सव करून शेजारची प्रजा अशी भारून टाका की ती तुमचीच गाणी गाऊ लागेल. हा कल्चरल विजय. त्याचे सगळे नियम माझे, त्यामुळे जरा जास्तच लाडके.

ताई दर टर्नला उत्सव करी, तिन्ही शेजाऱ्यांना बोलावी. ते येत आणि तिची गाणी घेऊन परत जात.

"तोप कौन बनाएगा फिर?" आमचे बॉस मनीषजी म्हणाले. "शुक्रवार को पब्लिशर मैडम आ रही हैं। उनके सामने दीदी पचास टर्न के अंदर जीतीं, तो कल्चर वाला रास्ता कट।"

कुठलाही एक मार्ग फार सोपा होऊ द्यायचा नाही, याला आम्ही बॅलन्सिंग म्हणतो. मी उत्सवाचे गुण निम्मे केले. ताईने उत्सव दुप्पट केले. चव्वेचाळिसाव्या टर्नला जिंकली, मध्ये चहाही पिऊन आली.

मग मी माझाच कोड उघडला. तिथे लिहिलं होतं: बोलावणं आलं की जायचंच. आमच्या घरची शिस्त मी तीन राजांना लावली होती!

ताई पोट धरून हसली. "अर्धीच रीत लिहिलीस की रे! माझ्या हळदीकुंकवाला येतात त्या मलाही बोलावतात. नाही गेले तर पुढच्या वर्षी येतील का?"

उरलेली अर्धी मी त्याच दुपारी लिहिली. आलेला शेजारी उलट बोलावणार. गेलात, तर तुमची प्रजा त्याच्या गाण्यांवर भाळणार. नाही गेलात, तर तो यायचा बंद.

शुक्रवारी ताई मॅडमसमोर खेळायला बसली. मनीषजी हाताची घडी घालून मागे उभे. तिसाव्या टर्नला तीन आमंत्रणं एकदम आली.

"अगं बाई, तिघं एकाच दिवशी! जाऊ कुणाकडे?"

चाळिसाव्याला तिच्याच राजधानीत शेजारची गाणी सुरू झाली. "मेल्यांनो, माझ्या घरात?" पन्नासावा टर्न उलटला, तेव्हा मी उठून सगळ्यांना लवून मुजरा केला. कुणी बघितला नाही. सगळे ताईच्या खांद्यावरून वाकले होते.

एक्क्याण्णवाव्या टर्नला उत्तरेच्या शेजाऱ्याने डाव जिंकला. उत्सवांनीच! ताई हरली.

"दुसरा डाव लाव," ती म्हणाली.

"पहले मैं," मॅडमनी टॅबलेट ओढून घेतला. मनीषजींनी घडी सोडली आणि स्वतःसाठी खुर्ची ओढली.

कल्चरचा मार्ग राहिला. तेव्हापासून एक पथ्य पाळतो: घरची रीत कोडमध्ये घालायची तर आधी ताईला विचारून पूर्ण घालायची.