गर्जे दचकले तर आवाज खरा

रूथ, खाली बस बघू. हे पत्र उभ्या उभ्या वाचायचं नाही, आधीच सांगते. गेल्या नाताळात तुम्ही सगळ्या स्वयंपाकघरात कुजबुजत होतात ना? "आत्याला मिलिटरीत वेड लागलं होतं म्हणे." अगं, मग मलाच विचारायचं! लढाईच्या गोष्टी मागून घेता आणि आजाराचं नाव निघालं की चहा ओतायला पळता. म्हणून लिहून पाठवते. लिहायचं मला कुणी शिकवलं नाही. वॉर्डातले ड्युटी रिपोर्ट लिहून जेवढा हात बसला तेवढाच.

डिसेंबर एकाहत्तरच्या लढाईत मी सरहद्दीजवळच्या इस्पितळात होते. आर्मीची नर्स, हुद्दा लेफ्टनंट. भाजलेल्या जवानांचा तंबू माझ्याकडे होता. तोफांचं शेलिंग जवळ यायचं तेव्हा आम्ही रुग्णांवर ओणव्या व्हायचो. याहून जास्त त्यातलं लिहीत नाही. जानेवारीत पोस्टिंग आली नगरला, लष्करी इस्पितळात. घरचे खूश. श्रीरामपूरहून एसटीत बसलं की नगर.

नगरजवळ रणगाड्यांच्या सरावाची रेंज आहे, तुला ठाऊकच आहे. फायरिंग असलं की कॅम्पातल्या खिडक्या हादरतात आणि नगरचा माणूस मानही वर करत नाही. आमच्या वॉर्डात मात्र लढाईतून आलेले जवान. म्हणून सकाळी ऑफिसातून फोन यायचा, "सिस्टर, आज फायरिंग." मग मी खाटेखाटेशी जाऊन सांगायचे, "आज रेंज चालू. आवाज आपलाच."

खिडकीजवळच्या खाटेवर दफेदार गर्जे होते, पाथर्डीकडचे. रणगाड्याचे कमांडर. रणगाडा पेटला तेव्हा ते बाहेर पडले, दोघे आत राहिले. हात कोपरापर्यंत भाजलेले. सुरुवातीला फायरिंग झालं की ते खाटेखाली शिरायचे. पुढे बसून राहायला लागले, फक्त खांदे आखडायचे.

फेब्रुवारीत एका सकाळी मी ड्रेसिंग करत होते. धाडकन आवाज झाला, अगदी जवळ. मी भिंतीला चिकटले. वॉर्ड शांत. गर्जे चहा फुंकत बसलेले. मी ऑफिसला फोन लावला.

"आज रेंज बंद आहे, सिस्टर."

तिथून भीती सुरू झाली. तो आवाज रोज यायला लागला. येऊन गेला की बरं वाटायचं, यायचा असला की जीव जायचा. इंजेक्शन भरताना हात थांबायचा. ऐकू येतं ते खोटं, तर लेबलवर दिसतं ते खरं कशावरून? माझ्या हातून एखादा पोरगा गेला तर? लेबल वाचायचे, परत वाचायचे, परत. सांगायचं कुणाला? सांगितलं की मेडिकल बोर्ड, आणि बोर्ड झाला की वर्दी गेली. घरात मिळवती मी एकटी.

मग मी एक युक्ती काढली. आवाज आला की गर्जेंकडे बघायचं. त्यांचे खांदे आखडले तर आवाज खरा. नाहीतर माझा.

मार्चमधला रविवार. रेंज बंद. मी दोन खाटांच्या मध्ये ट्रे घेऊन उभी होते. आवाज आला, आणि असा आला की ट्रे हातातून सुटला. मी गर्जेंकडे पाहिलं. खांदे आखडलेले. म्हणजे हा खरा.

"ड्रायव्हर, रिव्हर्स!" गर्जे ओरडले. "हॅच उघडा! गाडी पेटली!"

शेजारी नाईक शिंदे होता. मांडीचं हाड मोडलेलं, पाय ट्रॅक्शनला बांधून वर टांगलेला. गर्जेंनी त्याला काखेत धरून ओढायला सुरुवात केली. शिंदे किंचाळला. गर्जेंच्या पट्ट्या रक्तानं भिजल्या. मलाही धुराचा वास यायला लागला होता.

मग माझी नजर बाकीच्या खाटांवर गेली. खिडकीकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे आम्हा दोघांकडे बघत होते.

"दफेदार गर्जे! सोडा त्यांना. रेंज बंद आहे."

"न्हाई सिस्टर! तुमी दचकला. तुमी दचकला म्हंजी खरंच हाय. म्या रोज तुमच्याकडंच बघतो की!"

मी त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवत होते आणि ते माझ्या. दारात वॉर्डाचे डॉक्टर, मेजरसाहेब, येऊन उभे राहिले होते. त्यांच्यासमोरच बोलावं लागलं.

"आवाज झालाच नाही, गर्जे. तो माझ्या डोक्यात होतो. मी आजारी आहे."

गर्जे माझ्याकडे वळले.

"तुमालाबी?"

"हो."

"लई दिस झालं?"

"फेब्रुवारीपासून."

"तुम्ही दोघं मागनं बोलत बसा," शिंदे दात आवळून म्हणाला, "आधी मला सोडा की राव!"

गर्जेंनी त्याला सोडलं. खाटेच्या कडेला बसले आणि रडायला लागले. मी शेजारी बसले. मेजरसाहेबांनी शिंदेचा पाय नीट केला, मग माझ्याकडे वळले. "सिस्टर, ट्रे राहू द्या. रिपोर्ट सिक." म्हणजे आता मीच रुग्ण.

दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्सनं मला पुण्याला नेलं, मनोरुग्णांच्या वॉर्डात. तिथे पहिल्यांदा माझ्या केसांतल्या पिना काढून घेतल्या. पुढे बोर्ड झाला, वर्दी गेली. ज्याची भीती होती ते सगळं झालं, रूथ, आणि मी जगले. गोळ्या आजही घेते. आवाज कमी झालाय, गेलेला नाही. भीती तर आहेच.

गर्जेंचे हात बरे झाले, ते गावी गेले. त्याच वर्षी दिवाळीत फटाका वाजला आणि ते वाट फुटेल तिकडे धावत सुटले. विहिरीला कठडा नव्हता. शिंदेनं काठी टेकत श्रीरामपूरला येऊन मला सांगितलं. रणगाड्यात राहिलेले त्यांचे ते दोघे जवान, सवार बलबीर आणि सवार महादू, शहिदांत मोजले जातात. गर्जे मोजले जात नाहीत. मी प्रार्थनेत तिघांचीही नावं घेते. ते त्याच लढाईत गेले, असंच मी धरते.

दिवाळी जवळ आली आहे. तू नगरहून लवकर ये बाई, फटाके सुरू व्हायच्या आधी. काही आणू नकोस, फार बोलूही नकोस. समोर बस, चहा पी. पहिला आवाज झाला की मला तुझ्याकडे बघायचं आहे.