अक्कांची फणसाची खीर आणि माझी जीभ

“छान म्हणू नको. काय कमी हाय ते सांग.”

पाच वर्षांपूर्वी अंबुजाक्का मला हे म्हणाल्या, तेव्हा मला राग आला होता.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

अक्का आमच्या शेजारच्या. म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातल्या. पूर्वज कधीकाळी इथल्या राजाच्या फौजेत आले आणि इथलेच झाले.
आम्ही जळगावचे, नवऱ्याच्या नोकरीपायी आलेलो.

पहिल्याच आठवड्यात त्यांचं कन्नड मिसळलेलं मराठी ऐकून मला हसू आलं होतं.
“हस, हस,” त्या म्हणाल्या. “तुझं कन्नड ऐकायला मी पण बसलेय.”

मे महिन्यात एच. डी. कोटेहून त्यांच्या भावाकडचा फणस यायचा आणि अक्का खीर करायच्या.

हाताला तेल लावून गरे काढायचे, बारीक चिरायचे, तुपात परतून मऊ होऊ द्यायचे. गूळ त्यानंतर. आधी पडला तर गरे आकसतात, मग कितीही शिजवा, चिवटच राहतात. शेवटी नारळाचं घट्ट दूध, आणि लगेच गॅस बंद, नाहीतर ते फुटतं.
वाढायची गरमच.

मी वही घेऊन बसले होते. “गूळ किती?”
“फणसाला विचार.”

खरंच होतं ते. एक फणस मधासारखा, दुसरा नुसता पाणचट. या खिरीला माप नाही. चाखत जायचं, गूळ घालत जायचं.

मग कोविड आला. अक्कांना ताप आला, त्या आठ दिवसांत बऱ्याही झाल्या.

त्यानंतरच्या मे महिन्यात त्यांनी मला हाक मारून बोलावलं. हातावर चमचाभर खीर दिली.
“चाख.”
अगदीच अगोड होती. पण मोठ्या माणसाला कसं सांगणार? मी म्हटलं, “छान.”

रावकाकांनी, म्हणजे अक्कांच्या यजमानांनी, पहिला घास घेतला आणि हसले. “काय गं, गूळ डब्यातच राहिला काय?”

अक्का हसल्या नाहीत. मला मागच्या बाल्कनीत घेऊन गेल्या आणि सुरुवातीला लिहिलेलं ते वाक्य म्हणाल्या.

मग हळूच म्हणाल्या, “मला चव लागत नाही गं. वासपण नाही. तापापासून.”

“डॉक्टर काय म्हणाले?”
“येईल म्हणाले. आली तर आली.”

“काकांना सांगितलंत?”
“ह्यांना सांगायचं नाही. कळलं तर हे जेवतील काय? सुम्ने, उगाच माझ्या तोंडाकडं बघत बसतील. तू पण सांगायचं नाहीस.”

मी हो म्हटलं.

चार वर्षं. रोज दोन वेळचा स्वयंपाक, आणि त्यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

तूप झालं की नाही ते आवाजावरून. सार उकळलं की नाही ते फेसावरून. मिठाचं माप तीन बोटांत. काकांना कधी शंकासुद्धा आली नाही.
मला साधी सर्दी झाली तरी मी जेवण बाहेरून मागवते.

फक्त फणसाच्या खिरीला माझी जीभ लागायची.

“थोडा गूळ हवा,” मी म्हणायचे.
“थोडा म्हणजे? लिंबाएवढा की सुपारीएवढा? नीट सांग. मला दुसरं कोण हाय विचारायला?”

माझं आयुष्य ‘ठीक आहे’, ‘चालेल’, ‘छान’ करत गेलेलं. नेमकं बोलायला मी त्या ओट्यापाशी शिकले. चाळिशीत.

एकदा विचारलं, “कंटाळा येत नाही?”
“येतो की. म्हणून ह्यांना उपाशी ठेवू?”

त्यांच्या पुढ्यातली वाटी त्या काकांकडे सरकवायच्या. कागद चावल्यासारखं लागतं, मला म्हणायच्या, मग कशाला वाया घालवा?

गेल्या मे महिन्यात त्या झोपेतच गेल्या.

आज सकाळी मी खीर करून काकांकडे घेऊन गेले. मेटगळ्ळीच्या कारखान्यातून रिटायर झालेला हा माणूस मुळातच कमी बोलतो. त्यांनी वाटी संपवली.

“शेवटची चार वर्षं ती माझ्याबरोबर गोड खाल्ली नाही,” ते म्हणाले. “यायची, बसायची, वाटी माझ्याकडं ढकलायची. पोराकडं अमेरिकेला जाऊ म्हणाली होती, मी नको म्हटलं. तो राग धरला तिनं. शेवटपर्यंत सोडला नाही.”

“काका, त्या रागावल्या नव्हत्या.”
“तुला काय माहीत?”

मला सगळं माहीत होतं.
मी वाटी धुवून ठेवली आणि घरी आले.

इथे लिहू शकते, कारण काका घरात मराठी बोलतात, पण वाचतात फक्त कन्नड. त्यांच्या घरातलं कुणी इथल्या माझ्या मित्रयादीतही नाही.
तुम्हा मित्रमैत्रिणींना सांगितलं, तर वर्षभराचं ओझं थोडं हलकं होईल असं वाटलं होतं.
झालं नाही.

अक्का, तुमच्याएवढी धीराची बाई मी पाहिली नाही. तुमचा शब्द मी पाळला आणि अजून पाळते आहे.

पण तुम्ही ज्यांना दुःख होऊ नये म्हणून सगळं लपवलंत, ते वर्षभर स्वतःला दोष देत बसलेत. तुम्ही रागावून गेलात असं त्यांना वाटतंय.

तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तुम्ही नाहीच म्हणाल.
तरी विचारते.

उद्या सकाळी मला त्यांना सांगू द्या.