रुळांखालची नाचणी

जुन्नरला रेल्वे नाही, म्हणून मी ती माझ्या माळ्यावर आणली. एका जुन्या दरवाजावर रूळ टाकले, खेळण्यातलं इंजिन आणि डबे मागवले, आणि मग मला वेडच लागलं. बेल्ह्याचा बैलबाजार शाडूचा केला. नखाएवढे बैल, शिंगं काडीने रंगवलेली. कांदाचाळीत मोहरीचे कांदे भरले. फलाटासमोर एक टेम्पो मुद्दाम आडवा लावला, कारण आमच्याकडे तो तसाच उभा असतो. पन्नाशीच्या माणसाने एवढं खूश असावं का, याची मला टोचणी लागायची. पण हात थांबत नव्हते.

फक्त रुळांखालची खडी जमेना. वाळू जाड दिसे, मुरूम फार लाल. मग एका सकाळी माळ्याच्या कोपऱ्यातला डबा उघडला. आत बारीक, गोल, करडे दाणे. हुबेहूब खडी. रुळांखाली भुशाचा थर होता, त्यावर मी अख्खा डबा ओतला, दाणे बसावेत म्हणून पाण्याचा फवारा मारला, आणि डिंक परत आल्यावर लावू म्हणत सगळ्यांबरोबर लग्नाला गेलो.

आठ दिवसांनी परत आलो तर रूळ हिरवेगार. मला इतका आनंद झाला की आधी गाडीच सोडली. दोन्ही बाजूंची पाती डुलत होती. तिसऱ्या फेरीला डोक्यात उजेड पडला.

ती सासऱ्यांची नाचणी होती. ते डोंगरातल्या आहुपे गावचे. तिकडे बियाण्याला कीड लागू नये म्हणून राख चोळून ठेवतात. त्यांच्या घरी उंदीर फार, म्हणून आजोबांपासूनचं ते वाण त्यांनी लेकीकडे ठेवलं होतं. बायकोने मला हे सांगितलंही होतं. मी तेव्हा एका बैलाचा पाय बसवत होतो आणि नुसतं "हं" म्हणालो होतो. दुसरं बियाणं त्यांच्याकडे नव्हतं.

दोनच दिवसांत सासरे बी न्यायला आले.

"अहो, डबा कुठाय?" बायकोने विचारलं.

"रुळांखाली," मी म्हणालो. खोटं सुचलंच नाही.

सासरे माळा चढून आले. रुळांपाशी वाकले. मग त्यांनी एक कोंब उपटला आणि मूळ उजेडात धरलं.

"पावणं, उगवण लई बेस हाय."

"आबा, वर्षाचं बी गेलं की," बायको म्हणाली.

"कुटं गेलं? हितंच उभं हाय न्हवं. आमी बी आदी रोपंच करतो. रोज पाणी घाला. अदनंमदनं शेणकाला द्या."

"माझ्या माळ्यावर शेण?" बायकोने विचारलं.

"रेल्वेच्या कडंला दुसरं काय असतं, बाय?"

बायको हसली. सासऱ्यांनी गाडी चालवायला लावली. बेल्ह्याच्या बाजारापाशी ती नाचणीत अडकली, तर त्यांनीच बोटाने रेटली, आणि पुन्हा अडकावी म्हणून वाट बघत बसले.

पावसात मी टोपलीभर रोपं एसटीने आहुप्याला नेली. सबंध रस्ता टोपली मांडीवर, एखादं तान्हं बाळ धरावं तशी. चिखलात लावणी झाली, रोपं तरली. निघताना सासऱ्यांनी एक जुडी माझ्या हातात परत ठेवली.

"घिऊन जावा, पावणं. माळ्यावरला बाजार उघडा पडंल."