शिवेबाहेरची गाडी

दुर्ग स्टेशनवर उतरले तेव्हा खांद्यावर सायकलची पिशवी होती. ती पाहून भाऊजींनी स्वागत केलं ते असं: "बाई, लोकं बहिणीकडं चिवडा-लाडू घेऊन येतेत, तू लोखंड घेऊन आली. भिलाईत लोखंडाची कमी हाय का?"

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून पोलाद कारखान्यात कामाला आले, भाऊजीही तिथंच लागले. नेहरू नगरात घर आहे. घरात नागपुरी मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि ताईला उशिरा झालेली एकुलती सुजू सगळीकडे हिंदीच बोलते. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची मूर्ती. नवस, उतारा, मुहूर्त यांना या घरात थारा नाही. मांजर आडवी गेली तर भाऊजी तिला "जय भीम" म्हणून पुढे जातात.

मी आणलेली सायकल ग्रॅव्हल बाइक होती. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकलेलं, पण टायर रुंद आणि खाचांचे, त्यामुळे डांबर सोडून मुरमाच्या वाटांवर बिनधास्त जाता येतं. भाऊजींनीही तशीच घेतली होती आणि ताईच्या मते ती घरातली सर्वांत लाडकी सून होती.

श्रावणातला रविवार. रात्री पाऊस पडून गेला होता, सकाळी आभाळ नुसतं वाकून होतं. दुर्गच्या पद्मनाभपुरातून बाहेर पडलो, एका टपरीवर गरम फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या) आणि टमाट्याची चटणी हाणली आणि कालव्याच्या पाळीला लागलो. दोन्हीकडे रोवणी झालेली धानाची शेतं, हिरवी म्हणजे किती हिरवी! पाळ संपली तसं सागाचं रोपवन लागलं. सगळी झाडं एका मापाची, एका ओळीत. आत शिरल्यावर हवा एकदम थांबली. ओल्या पानांवरून टायर जात होते आणि तेवढाच आवाज होता. मी उगाच घंटी वाजवली, पण ती मलाच आवडली नाही.

रोपवनापलीकडे भाठा (मुरमाड, ओसाड माळ) पसरला होता. तांबडी जमीन, खुरटी झुडपं, मधूनच एखादा परसा म्हणजे पळस. ग्रॅव्हल बाइक अशाच जमिनीसाठी असते. आम्ही सुसाट निघालो, आणि रविवार असून, पाऊस उघडला असून, एवढ्या माळावर एक गुराखीही नाही, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

वाटेच्या कडेला, एका दगडाजवळ, भाऊजी थांबले. चिखलात एक वीतभर लाकडी गाडी कलंडून पडली होती. नवीच होती, चाकं फिरत होती, आणि मागच्या बाजूला तांबड्या कापडाची भिजलेली चिंधी.

"तान्हा पोळा," भाऊजी खुशीत म्हणाले.

आम्हा विदर्भातल्या माणसांना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची लेकरं लाकडी बैल सजवून ओढत नेतात, तो तान्हा पोळा. पोळा तोंडावर आला होता; कोण्या पोराची गाडी इथं पडली असणार, हे आमच्या लेखी उघड होतं.

"गावात विचारू कोनाची हाय ते," भाऊजी म्हणाले. "कोनी नाही म्हनलं तं सुजूले होईल." त्यांनी गाडी पाठीवरच्या पिशवीत खोचली. तिचं एक चाक बाहेर राहिलं. मी मागून सायकलवर येत होते, दर खड्ड्याला ते चाक थोडं फिरायचं.

गावाचं नाव मी सांगत नाही. पहिलं घर आलं आणि भाऊजींचा वेग आपोआप कमी झाला. भिंतीवर शेणानं माणसं काढली होती. काड्यांसारखे हातपाय, एकमेकांचे हात धरलेली, नाक-डोळे नाहीत. पुढच्या घरावर तशीच, त्याच्या पुढच्याही. सगळी दारं ओढलेली. चुलीचा धूर नाही, बोअरिंगवर बाई नाही, एकही बैल जुंपलेला नाही. कुत्री होती, पण भुंकत नव्हती. दारांच्या फटीतून आमच्याकडे बघणारी माणसं दिसत होती, म्हणजे गाव रिकामं नव्हतं. मला रिकामं परवडलं असतं.

भाऊजींनी गाडी हातात धरून उंच केली. "किसी बच्चे की है क्या?"

एका दारातून किंकाळी आली. एक तरुण बाई धावत बाहेर आली, आमच्यापासून चार हात लांब थबकली आणि गाडीकडे बघून रडायला लागली. "आजे बिहनिया जर उतरे हे मोर लइका के!" (आज सकाळीच ताप उतरलाय माझ्या लेकराचा!) "काबर लाने हव एला?" (का आणलीत हिला?)

मग म्हातारा बैगा आला. बैगा म्हणजे गावदेवतेचा पुजारी. तो ओरडला नाही. सवनाही आहे, असं म्हणाला, आणि ती काय असते ते सांगितलं. श्रावणात सगळं गाव मिळून शीव बांधतं, दुखणं आत येऊ नये म्हणून भिंतींवर शेणाची माणसं काढतं. गावातलं दुखणं, ताप, गुरांचा रोग या गाडीवर बसवून रात्री शिवेबाहेर सोडतात. दुसऱ्या दिवशी कोणी गावाबाहेर जात नाही, आणि बाहेरचा कोणी आत येत नाही. गावानं रात्री जे बाहेर नेलं होतं, ते आम्ही सकाळी हातात धरून परत आणलं होतं.

मला लाज वाटली आणि भीतीही वाटली. यातली कुठली आधी वाटली ते विचारू नका.

"जेन लाने हे, उही लेगही," बैगा म्हणाला. ज्यानं आणली त्यानंच न्यायची. मागं वळून बघायचं नाही, आणि कुठल्याही गावाच्या शिवेत ठेवायची नाही.

भाऊजींनी त्या बाईकडे पाहिलं. "नइ मढ़ान दाई," ते म्हणाले. "कोनो गाँव म नइ मढ़ान." (नाही ठेवणार, आई. कुठल्याच गावात नाही.) ती पदरानं तोंड झाकून तशीच उभी राहिली. पोर बरं राहील की नाही, हे आता आमच्यावर आहे, असं तिला वाटत होतं. आणि खरं सांगते, मलाही वाटायला लागलं होतं.

परत भाठ्यावर आलो. पुढे भाऊजी, मागं मी, मध्ये ते फिरणारं चाक. अर्ध्या वाटेत माझी चेन उतरली. "भाऊजी, थांबा!" ते थांबले. पण वळले नाहीत. सायकलवर बसल्या बसल्या एक पाय जमिनीला टेकून, मान सरळ ठेवून, समोरच्या ओसाडीला विचारावं तसं विचारलं, "हायेस ना तू?"

मी चेन बसवायला घेतली. चेष्टेनं भीती जाते असा माझा अनुभव आहे, म्हणून म्हटलं, "तुम्ही मानत नाही ना भाऊजी?"

"मी कावून मानन? त्या बाईले शब्द देला ना मी." मान तरीही वळली नाही.

माळावर जागा पुष्कळ होती. टाकून द्या आणि चला, असं मी दोनदा म्हटलं. एकदा ते उतरलेही. पण झुडपाशी शेळ्यांच्या लेंड्या दिसल्या, बाजूला अनवाणी पायाचा इवलासा ठसा. ते पुन्हा सायकलवर बसले. पुढच्या गावाच्या तोंडाशी वाटेवर बांबू आडवा बांधला होता आणि पलीकडच्या भिंतीवर तीच हात धरलेली माणसं. माळ संपला की शेत, शेत संपलं की शीव, आणि शीव म्हणजे कोणाची तरी. एवढ्या मोठ्या मुलखात बिनमालकीची वीतभर जागा नाही.

"नदी," मी म्हटलं. "नदीत सोडा."

शिवनाथ गढूळ, फुगलेली, काठच्या अर्जुनाच्या झाडांच्या मुळांपर्यंत आलेली होती. पाण्याला आवाज होता, पण काठावर कोणी नव्हतं. भाऊजी गाडी घेऊन कडेला बसले.

"दुर्गचं पानी इथूनच जाते," अखेर म्हणाले. "आपल्या नळालेही हेच येते." आणि गाडी पुन्हा पिशवीत घातली.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सुजू फाटकाच्या आतून नाचत होती. "पापा, बैग में क्या है?" भाऊजींनी पिशवी काढून पाठीमागे धरली आणि ते फाटकाबाहेरच उभे राहिले. स्वतःच्या घराच्या बाहेर.

ताई आली. मी तिला सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, "काही नसते अशात, तुमीच म्हनता ना. मंग या ना आत." पण फाटकाच्या कडीवरचा तिचा हात हलला नाही.

"नसतेच काही," भाऊजी म्हणाले. "पन सुजू हाय घरात."

मग मीच बोलले, "मला द्या. नागपूरला माझ्या घरी मी एकटी. लहान कोणी नाही."

नको गं, कशाला, असं कोणीतरी एकदा तरी म्हणेल असं वाटलं होतं. कोणी म्हटलं नाही. मला त्याचा राग आला नाही, पण ते विसरलेही नाही. भाऊजींनी पिशवी माझ्या हातात दिली, आणि ताईनं त्यांच्यासाठी कडी काढली; माझं सामान तिनं बाहेरच आणून दिलं.

नागपूरला येऊन आता बरेच दिवस झाले. गाडी माळ्यावर आहे. त्या बाईच्या लेकराचा ताप परत आला का, ते कळायला मार्ग नाही. पुन्हा त्या वाटेनं सायकल न्यायची भाऊजींची हिंमत झाली नाही, आणि मीही त्यांना टोचलं नाही. इतकं मात्र कळलं, की जगात दुखणं नाहीसं करायची जागा नाही, फक्त ते कोणाच्या दारात ठेवायचं एवढंच ठरतं.

ताईचा फोन पूर्वी सणावारी यायचा, आता दर रविवारी येतो. काय केलंस, काय जेवलीस, हे नंतर. आधी एकच प्रश्न: "बरी हायेस ना वं? ताप-बीप तं नाही?"

"नाही," मी हसून सांगते. आणि फोन ठेवला की कपाळाला हात लावून बघते.