क्लचप्लेटीला शेंदूर

आमच्या जुन्या गाडीचा क्लच घसरायला लागला तेव्हा इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायला आढेवेढे घ्यायची. गॅरेजवाला म्हणाला, आठ दिवस नंबर लागत नाही. आणि मला तर रविवारी आईला नांदेडहून लातूरला न्यायचं होतं. तिथं तिची थोरली बहीण राहते, दोघींची दीड वर्षात गाठ नव्हती. गुडघ्यांमुळं आईला एसटीची पायरी चढवत नाही, आणि मी दर महिन्याला "पुढच्या रविवारी नक्की" म्हणत आलो होतो. या वेळी तिनं गुरुवारीच पिशवी भरून ठेवली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. क्लच म्हणजे घर्षण, आणि घर्षण तर मी वीस वर्षं फळ्यावर शिकवतोय. दारापुढच्या पत्र्याखाली गाडी जॅकनं उचलून चारी चाकं स्टँडवर चढवली, मोबाइल टायरला टेकवून व्हिडिओ लावला आणि कामाला लागलो. शेजारचे चाचा, ज्यांची हयात गॅरेजात गेली, खुर्ची टाकून बघत बसले. "सर, हात लावू काय?" त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा नको म्हणालो. माझ्यात अक्कल कमी असेल, पण ऐट कमी नाही.

गिअरबॉक्स उतरवेपर्यंत शनिवारची दुपार झाली. जेवून बाहेर आलो तर नवी क्लचप्लेट पाटावर, पुढं उदबत्ती, आणि प्लेटीला दोन्ही अंगांनी तेलात कालवलेला शेंदूर! घरात मिक्सर आला तरी आई आधी त्याची पूजा करते, हे माझ्या ध्यानात असायला हवं होतं. व्हिडिओतला माणूस तर प्लेटीला तेलाचं बोटही लागू देऊ नका म्हणून घसा कोरडा करत होता. पण आई हात जोडून प्लेटीलाच सांगत होती, "माझ्या बहिणीपस्तोर नीट ने गं माय." तिच्यादेखत मी प्लेट जुन्या बनियननं अलगद पुसली, देव पुसतात तशी, आणि बसवून टाकली.

रविवारी आई मागं बसली. गाडी गल्लीच्या चढापर्यंत गेली, जळका वास सुटला आणि तिथंच थांबली. चाचांनी वाकून वास घेतला.

"सर, प्लेट तेलात तळून बसवली काय हो? कोरडी लागती ती!"

आईचा चेहरा पडला. "माझ्याच हाताचं ग्रीस लागलं असंल," मी घाईनं म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली, तीही खोटी. लोकांनी गाडी ढकलत घरी आणली आणि आईनं आत जाऊन बहिणीला फोन लावला.

सोमवारी मी रजा टाकली आणि चाचांपुढं हात जोडले. दुपारी आम्ही दोघं गाडीखाली असताना दाराशी रिक्षा थांबली. मावशी उतरली. आईहून सहा वर्षांनी मोठी, गुडघे तसलेच, आणि एकटी एसटीनं आलेली.

"अगं, अशा गुडघ्यांनी कशाला आलीस?" आई रडत रडत तिच्यावर ओरडली.

"तूच सांगितलीस की, शेंदूर लावला म्हणून," मावशी म्हणाली. "शेंदूर लावलेला देव कवा जागचा हालतोय व्हय? आपल्यालाच जावं लागतंय."

चाचा हसता हसता हातातला पाना टाकून बसले. मला हसू आलं नाही. ऐंशीला टेकलेली बाई एका फोनवर चार तासांची वाट तुडवून आली होती, आणि मी, धडधाकट माणूस, दीड वर्ष आईला पुढचा रविवार देत बसलो होतो.